पिस्तुलाला दस्ता लावला की ते काय होतं, हे आम्हाला लेखी सांगा

मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर
आणि
मा. जिल्हाधिकारी, नाशिक यांस

सविनय नमस्कार.

शहरात शस्त्र परवान्याचा अधिकार आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो, म्हणून हे पत्र आपणा दोघांना लिहीत आहे. पत्र उघडं ठेवलं आहे, कारण पिस्तुलाला खांद्याला टेकणारा दस्ता लावल्यावरून ज्यांच्यावर गुन्ह्याचा प्रसंग येऊ शकतो ते माझे अंबड आणि सातपूरचे व्यवसायबंधू, नेमबाजी शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे अशी माणसं, सगळ्यांनी ते वाचावं असं मला वाटतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. मुख्य धंदा जॉबवर्कचा. त्याला जोडून बरीच वर्षं मी नेमबाजी करणाऱ्या मुलांच्या एअर पिस्तुलांच्या मुठी घडवून देतो. अक्रोडाचं लाकूड हाताच्या ठशाप्रमाणे कोरायचं, अंगठ्याखालची जागा भरायची, तळव्याची टेकण पुढेमागे करायची, असं ते काम. त्यामुळे शस्त्राशी संबंधित कामासाठी लोक माझं नाव एकमेकांना सांगतात. आणि त्यामुळेच अलीकडे माझ्याकडे लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात आणि विचारतात, ‘शेठ, असं बनवून मिळेल का?’

फोटोत असतं ते बुलपप किट. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बुलपप म्हणजे अशी बंदूक, जिच्यात मॅगझिन आणि गोळी उडवणारी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यातच बसवलेली असते. त्यामुळे नळी पुरेशी लांब राहूनही बंदुकीची एकूण लांबी कमी होते. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग आणि फ्रान्सची फामास या बंदुकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा आकार लष्करात रूढ केला. आपल्या विशेष दलांच्या हातात दिसणारी इस्रायली टॅव्होर त्याच घडणीची. पिस्तुलाचं बुलपप किट म्हणजे एक पोकळ कवच. आत अख्खं पिस्तूल बसतं, मागे खांद्याला टेकणारा दस्ता येतो, पुढे दुसऱ्या हाताची पकड येते. एका हातात धरायची वस्तू अशी दोन हात आणि खांदा यांच्या आधारावर येते. नेम स्थिर होतो, हे खरं आहे. पिस्तुलाला दस्ता जोडण्याची कल्पनाही नवी नाही. १८९६ च्या माऊझर पिस्तुलाचं लाकडी म्यान उलटं करून मागे अडकवलं की त्याचाच दस्ता होत असे.

हे किट विकणारे आणि त्याचे व्हिडिओ करणारे एक वाक्य ठामपणे म्हणतात, की हे पूर्णपणे कायदेशीर आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तेच वाक्य घेऊन येतो. माझी पहिली काळजी इथे सुरू होते. ते वाक्य अमेरिकेच्या कायद्याबद्दल आहे, आपल्या नाही.

अमेरिकेत १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट आहे. त्यानुसार खांद्यावरून झाडायच्या रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी असेल, किंवा पूर्ण बंदूक २६ इंचांपेक्षा आखूड असेल, तर ती केंद्र सरकारकडे नोंदवावी लागते. साध्या पिस्तुलाला दस्ता लावला की ते या व्याख्येत जातं. म्हणून तिथल्या उत्पादकांनी युक्ती काढली. पिस्तुलाला १६ इंची नळी द्यायची आणि सगळं बुलपप कवचात बसवायचं, म्हणजे नळी नियमात बसते आणि बंदूकही फार लांब होत नाही. किटचा तो आकारच मुळी त्या एका कायद्याला दिलेलं उत्तर आहे. आपल्या कायद्याने विचारलेला प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर त्या किटच्या खोक्यावर छापलेलं नसतं.

तिथेसुद्धा सगळं सरळ आहे असं नाही. पिस्तूल, दस्ता आणि लांब नळी एकाच संचात विकल्यावर ती नोंदणीची रायफल ठरते का, हा वाद थॉम्प्सन सेंटर कंपनीच्या खटल्यात १९९२ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२३ मध्ये पिस्तुलाला लावायच्या हातपट्टीवजा दस्त्यांवर तिथल्या सरकारने नवा नियम आणला आणि २०२४ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात जी वस्तू लोकांच्या कपाटात होती ती गुन्हा आहे की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. नाशिकमध्ये कुणाची तशी अवस्था होऊ नये, यासाठी मी हे लिहीत आहे.

आता आपल्या कायद्याकडे येतो. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ६ मूळचं बंदुकीची नळी आखूड करण्याबद्दल आणि नकली बंदुकीची खरी बंदूक करण्याबद्दल होतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एक भर घातली. शस्त्र नियम २०१६ मध्ये दिलेल्या एका वर्गातलं अग्निशस्त्र दुसऱ्या वर्गात रूपांतरित करायचं असेल, तर त्यालाही आता परवाना लागतो. तो नसेल तर कलम २५ खाली किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. या दुरुस्तीबद्दल लोकांना दोनच गोष्टी माहीत आहेत. एक, परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. दुसरी, लग्नात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रूपांतराचं कलम मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या बहुतेकांनी ते माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

नियमांमधले वर्ग पाहिले की गाठ कुठे पडते ते दिसतं. पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर तिसऱ्या वर्गात येतात, त्यांचा परवाना आपल्याकडे मिळतो. अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रं, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येते अशी, पहिल्या वर्गात येतात. मात्र तिसऱ्या वर्गातली पिस्तुलं त्यातून वगळली आहेत. पहिल्या वर्गाचा परवाना जिल्ह्यात मिळतच नाही, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. म्हणजे .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) अर्धस्वयंचलित पिस्तूल तिसऱ्या वर्गात बसतं, ते केवळ ‘पिस्तूल’ आहे म्हणून. मग त्याला दस्ता लावला, लांब नळी दिली, खांद्यावर घेतलं, तर ते पिस्तूल राहतं का? राहत नसेल तर वर्ग बदलला. वर्ग बदलला तर सात वर्षं. आणि हे सगळं चार स्क्रू आवळल्याने.

अधिनियमाच्या कलम २ मध्ये व्याख्या आहेत, त्यांत पिस्तूल कशाला म्हणावं याची व्याख्या नाही. अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही धरली आहेत. आवाज किंवा ज्वाळ कमी करणाऱ्या उपसाधनांचा उल्लेख स्पष्ट आहे. दस्त्याचा नाही. मग दस्ता हा अग्निशस्त्राचा ‘भाग’ आहे की नुसता प्लास्टिकचा तुकडा? माझ्या समजुतीने, जो तुकडा लावल्याने शस्त्राचा वर्ग बदलतो तो नुसता तुकडा नाही. पण ही माझी, एका यंत्रावर काम करणाऱ्या माणसाची समजूत. ठाण्यातला अंमलदार, परवाना शाखेतला लिपिक आणि न्यायालयातला वकील यांची समजूत वेगवेगळी निघाली, तर मधल्या मध्ये माणूस आत जातो.

कोण येतं माझ्याकडे, तेही सांगतो, कारण सगळे गुंड नसतात. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार येतो. मळ्यात राहतो, रात्री पंप चालू करायला जातो, वस्ती विरळ. त्याच्याकडे रीतसर परवान्याचं .३२ पिस्तूल आहे. हातात धरून नेम धरताना थरथर होते, दस्ता असला तर बरं, इतकंच त्याचं म्हणणं. बिबट्याची भीती तो बोलून दाखवतो, तेव्हा मी त्याला सांगतो की बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यासाठी वनखात्याला फोन कर. त्याची भीती खोटी नाही. त्याला सात वर्षांचं कलम माहीत नाही, हे भयंकर आहे. बाजारातली बहुतेक किट ग्लॉकसारख्या ९ मिमी पिस्तुलांच्या मापाची असतात आणि ९ मिमी आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध. आपल्या आयुध निर्माणीच्या .३२ ला ती बसत नाहीत. म्हणून तो फोटो घेऊन वर्कशॉपमध्ये येतो. परदेशी वस्तूची अडचण अशी थेट अंबडच्या यंत्रावर येऊन पडते.

आणि यंत्रावर ती पडते तेव्हा तिला नाव नसतं. हे आपण समजून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर बहुतेक वेळा फक्त पार्ट नंबर असतो. अॅल्युमिनिअमची एक पट्टी, तिला दोन खाचा, चार भोकं. ती वाहनाच्या जिगची आहे, पॅकिंग मशीनची आहे की आणखी कशाची, हे यंत्र लावणाऱ्या सेटरला कळत नाही. मुलगा आयटीआय करून नुकताच लागलेला असतो, प्रोग्रॅम टाकतो, तुकडा काढतो. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं, रूपांतरित करणं, दुरुस्त करणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीच, सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. उद्या असं शस्त्र कुठे सापडलं तर पहिला माग वर्कशॉपने माल पाठवताना केलेल्या चलनावरून निघेल. ज्याने किटचा व्हिडिओ केला तो दुसऱ्या देशात बसलेला असेल. थ्रीडी प्रिंटर आता घरोघरी येऊ लागलेत, तिथे तर चलनसुद्धा नसतं.

माझ्या व्यवसायबंधूंना इथेच हात जोडून सांगतो. पिस्तुलाला बसणारी कोणतीही वस्तू, मग ती नळी असो, दस्ता असो, चापाला जोडायचा दांडा असो, पार्टी कितीही ओळखीची असली तरी घेऊ नका. परवाना दाखवला तरी घेऊ नका. तो परवाना शस्त्र बाळगायचा असतो, बदलायचा नसतो. शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानाचं काम त्यांनाच करू द्या. वस्तू कशासाठी आहे हे पार्टी सांगत नसेल, तर ते काम आपलं नाही असं समजा.

आता एअरगनबद्दल, कारण इथे माझं म्हणणं अगदी उलट आहे आणि दोन्ही एकाच मापाने मोजले जाऊ नयेत. ४.५ मिमी म्हणजे .१७७ इंचापर्यंतचा बोअर आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल, तर एअरगन बाळगायला परवाना लागत नाही. नेमबाजीतलं दहा मीटरचं एअर पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने सोडतं. हिशेब केला तर सहा ज्यूलसुद्धा भरत नाहीत. शिवाय या स्पर्धेत पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं, वजन दीड किलोच्या आत, चापाचा ताण किमान ५०० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. त्याला दस्ता लावून खेळताच येत नाही. ज्या खेळाडूंच्या मुठी मी घडवतो त्यांना बुलपपची गरज कधीच नसते. म्हणून ‘आम्ही खेळासाठी मागतोय’ असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

पण त्याच वेळी भीती अशी वाटते, की दस्त्यांवर कारवाई सुरू झाली आणि नियम नीट लिहिलेला नसला, तर पहिला बळी या मुलांचा जाईल. पिस्तुलात बदल केला म्हणून कुणी त्यांच्या मुठीच काढून घेतल्या तर? सरावाला जाताना बसमध्ये बॅग तपासली आणि भलतंच ठरवलं तर? या मुलांच्या मागे पालकांनी किती ओढाताण करून पैसा उभा केलेला असतो ते मी पाहतो. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेची घडण नाशिकमधली आहे, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्याच शहरात मुठीवर पुट्टी लावणं आणि पिस्तुलाची रायफल करणं यांतला फरक अंमलदाराला कागदावर मिळायला हवा.

एअर पिस्तुलाला घरच्या अंगणात डबे फोडण्यासाठी कुणी दस्ता लावला, तर माझा त्याला विरोध नाही. मनगट अधू असलेल्या माणसाला तो आधार आहे. दोन गोष्टी मात्र बघायला हव्यात. दाबलेल्या हवेच्या एअर पिस्तुलाला किटबरोबर लांब नळी आली, की हवेला छर्रा ढकलायला जास्त अंतर मिळतं आणि ऊर्जा वाढते. घेताना २० ज्यूलच्या आत असलेली वस्तू नंतरही आत आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याला २० ज्यूल म्हणजे सेकंदाला सुमारे २८३ मीटर. छर्‍याचा वेग मोजणारं क्रोनोग्राफ नावाचं छोटं यंत्र मिळतं. ते परवाना शाखेत एक असावं, आणि कुणालाही आपली एअरगन आणून मोजून घेता यावी, न घाबरता. दुसरी गोष्ट दिसण्याची. बुलपप कवचातलं एअर पिस्तूल दहा पावलांवरून लष्करी बंदुकीसारखं दिसतं. ते घेऊन गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, रील काढणाऱ्या पोराला त्यातलं गांभीर्य कळत नाही, पण समोरच्या पोलिसाला क्षणात निर्णय घ्यायचा असतो.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला जी गर्दी उसळेल, तिच्यात अशी एक वस्तू नुसती वर धरली तरी काय होईल याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा जास्त आहे. आपल्याच शहरात २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही.

ब्रिटनमध्ये ही पळवाट आधीच ओळखली गेली. तिथे १९९६ च्या डनब्लेनमधल्या शाळेतल्या हत्याकांडानंतर नियम कडक झाले. नळी ३० सेंटिमीटरपेक्षा किंवा एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेली अग्निशस्त्रं, काही अपवाद सोडले, तर निषिद्ध आहेत. आणि ती लांबी मोजताना काढता येणारा, घडी होणारा किंवा आत सरकणारा दस्ता धरायचा नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. एका ओळीने वाद मिटला. आपल्याकडे अशी एक ओळ हवी आहे.

ती ओळ कायद्यात घालणं आपल्या हातात नाही, हे मला माहीत आहे. पण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे लेखी विचारणा करणं आपल्या हातात आहे. प्रश्न सरळ विचारावा. परवान्याच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाला खांद्याचा दस्ता किंवा बुलपप कवच लावलं तर ते कलम ६ प्रमाणे वर्ग-रूपांतर ठरतं का, आणि असं कवच हा अग्निशस्त्राचा भाग मानायचा का? माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्हींचं उत्तर ‘होय’ असावं. स्वसंरक्षणासाठी दिलेलं पिस्तूल खांद्यावर घेऊन झाडायची कुणाला गरज नाही, आणि ज्याला गरज वाटते त्याने बंदुकीचा वेगळा अर्ज करावा.

मंत्रालयाचं उत्तर येईपर्यंत आपल्या अधिकारात एक जाहीर सूचना काढता येईल. परवाना नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येकाला ती हातात द्यावी, कारण पाच वर्षांतून एकदा तरी तो माणूस आपल्यासमोर येतोच. अंबड आणि सातपूरच्या उद्योजक संघटनांकडे ती पाठवावी. तिच्यात मुठीचं काम, नेम धरायच्या दृष्टिसाधनाचं काम, एअरगनची देखभाल यांना हात लावलेला नाही हेही लिहावं. आणि ऑनलाइन दुकानांत ‘पिस्तूल किट’ म्हणून जे विकलं जातं, त्याची पाहणी आपल्या सायबर शाखेने करावी. खेळणं म्हणून आलेलं कवच खऱ्या पिस्तुलाच्या मापाचं निघतं का, हे तपासायला एक व्हर्नियर पुरतो. लागलं तर मी स्वतः येऊन मोजून देईन.

गावठी कट्टे राज्याच्या सीमेपलीकडून येतात, ते पकडण्यातच आपलं मनुष्यबळ अपुरं पडतं, या किटकडे कुठे बघणार, असं कुणी म्हणेल. कट्टा बाळगणाऱ्याला आपण गुन्हा करतोय हे ठाऊक असतं. इथे ज्यांच्याबद्दल मी बोलतोय त्यांना ठाऊक नाही. त्यांना सांगितलं तर त्यातले बहुतेक ऐकतील, आणि सांगायला एक कागद लागतो.

२०२५ मध्ये ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा गल्लोगल्ली पोरांच्या तोंडी होती. मला ती मनापासून आवडली. त्या बालेकिल्ल्यात राहणाऱ्यांना कायद्याचं हे एक कलम मराठीत, सोप्या शब्दांत, शिक्क्यासह मिळावं, एवढी मागणी आहे. सिंहस्थाच्या बंदोबस्ताची आखणी सुरू असतानाच ते झालं तर उत्तम. सूचना निघाली की तिच्या प्रती काढून अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये वाटायची जबाबदारी माझी.

आपला विश्वासू,
अंबड औद्योगिक वसाहतीतला एक वर्कशॉपचालक
नाशिक